आमा डॉक्टरची दुसरी शाळा

फिदेलिस केलेनला तोंडावर सगळे 'आमा डॉक्टर' म्हणत. आमा म्हणजे बाप. पाठ फिरली की मात्र त्याचा 'पाय कापणारा डॉक्टर' व्हायचा. पोर जेवत नसलं की आया दम द्यायच्या, "गिळ गुपचूप, नाहीतर आमा डॉक्टर करवत घेऊन येईल." हे त्यानं एकदा मासळीबाजारात स्वतःच्या कानांनी ऐकलं. पोरानं मान वळवून त्याला बघितलं आणि असं भोकाड पसरलं की बिचारा मासे न घेताच घरी परतला.

आणि त्यात खोटं तरी काय होतं? फ्लोरेस बेटाच्या पूर्व टोकाला, सामुद्रधुनीच्या काठावरच्या त्या रुग्णालयात सोळा वर्षं तो एकटाच सर्जन. अपेंडिक्स त्याचं, हर्निया त्याचा, फुटलेलं आतडं त्याचं. समोरच्या अदोनारा आणि सोलोर बेटांवरून होड्यांत घालून माणसं आणत. साखरेच्या आजाऱ्यांचे पाय तर असे येत की वास आधी पोचायचा, माणूस मागून. आधी झाडपाला झालेला असे, मग पाद्रीबाबांचं मंतरलेलं पाणी, मग शेजारणीच्या मेहुण्याचं मलम, आणि सगळे उपाय हरल्यावर आमा डॉक्टर. तोवर पायाचा कोळसा. तो कापायचा. नीट कापायचा, माणूस जगायचा. मग घरी येऊन अंगणातल्या बाकावर कितीतरी वेळ नुसता बसून राहायचा. बायको रेजिना फाटकातूनच ओळखायची.

"आज पाय?"

"पाय."

मग ती कुटलेल्या मक्याची वाटी आणि कॉफी त्याच्या शेजारी ठेवून आत जायची. विचारण्यासारखं त्यात काही उरलेलं नसायचं.

अशात योवीताचा पाय आला. योवीता एकोणीस वर्षांची, जिल्ह्याच्या व्हॉलीबॉल संघात खेळणारी उंच, काटक पोरगी. भावाच्या मोटरसायकलवरून पडली आणि गुडघा निखळला. हाड जागेवर बसवायला फिदेलिसला वेळ लागला नाही. पण पाऊल पांढरंच राहिलं, गार पडत गेलं. घोट्याशी बोट ठेवून त्यानं कितीदा चाचपलं, ठोका लागेना. गुडघ्यामागची धमनी तुटली होती. काय तुटलंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. जोडायचं कसं, ते मात्र त्यानं शिकताना एकदाच पाहिलं होतं, प्रोफेसरांच्या खांद्यावरून, टाचा उंच करून. मोठ्या शहराचं विमान दुसऱ्या दिवशी होतं आणि पाय दुसऱ्या दिवसाची वाट बघत नसतो. त्यानं स्वतःच हात घातला. जोडलेल्या जागी रक्ताची गुठळी झाली. उघडून साफ केली, पुन्हा झाली. शेवटी मांडीतून पाय काढावा लागला.

पोरगी रडली-भेकली नाही. तो जखम बघत असताना एका सकाळी तिनं साधेपणानं विचारलं, "आमा डॉक्टर, हे जोडायचं तुम्हाला शिकवलं नव्हतं का?"

आवाजात तक्रार नव्हती. शाळेत एखादा धडा राहून जातो तसा याचाही राहिला असेल, असं तिला वाटलं असावं.

"नव्हतं शिकवलं."

"कुठे शिकवतच नाहीत?"

"शिकवतात की. तिकडे जावामध्ये. दोन वर्षांचं वेगळं शिक्षण असतं त्याचं."

"मग जाऊन या ना," ती म्हणाली आणि उशी नीट करून घेत खिडकीकडे वळली.

घरी त्यानं विषय काढला तेव्हा रेजिना डुकरांसाठी केळीचे खुंट चिरत होती. तिनं कोयता थांबवला नाही.

"सत्तेचाळीस वर्षांचे झालात, क्लाराच्या बापा. पोरगी आता कॉलेजात जाईल. बापलेक एका बाकावर बसणार की काय?"

"ती शाळा वेगळी."

"शाळा ती शाळा. आणि तुमच्या आईला कोण बघणार? ही डुकरं कोण बघणार?"

"दोनच वर्षं आहेत गं."

"दोनच वर्षं, म्हणे!" तिनं आणखी दोन खुंट चिरले. मग घाम पुसत त्याच्याकडे बघितलं. "जा. नाहीतरी इथे असून तुम्ही त्या बाकावरच असता."

सरकारनं त्याला पाठवलं, परत येऊन दहा वर्षं तिथंच काम करायचं या बोलीवर. त्याच्या जागी बदली सर्जन म्हणून कुणीतरी येणार होतं. ते आलं, गेलं, दुसरं आलं. फिदेलिस मात्र जावातल्या सुराबाया शहरात पोचला, पांढऱ्या कानशिलांनी आणि क्लाराच्या जुन्या दप्तरासकट.

पहिल्याच दिवशी हाक मारण्याचा घोळ झाला. शिकाऊ डॉक्टरला तिथे 'दिक' म्हणायची रीत, म्हणजे धाकट्या. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या डॉक्टर रेत्ना त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. ठेंगण्या, चटपटीत, डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. "दि…" एवढं म्हणून त्या थांबल्या. त्याच्या केसांकडे बघितलं.

"मी तुम्हाला पाक म्हणेन," त्या म्हणाल्या. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. "पण बोलणी दिकसारखीच खावी लागतील. चालेल?"

"चालेल, डॉक्टर."

चालेल म्हणाला खरा. पण इतकी वर्षं ज्याचा शब्द थिएटरात शेवटचा, त्यानं पोरासोरांच्या रांगेत मागे उभं राहून चिमटा धरायचा, हे बोलायला सोपं. त्याचे हात पोटाच्या जाड थरांना आणि जाड दोऱ्याला सरावलेले. इथला दोरा निळा आणि केसाहून बारीक, भिंगाच्या चष्म्याशिवाय दिसायचाही नाही. त्यानं गाठ आवळली की दोरा तुटायचा, नाहीतर धमनीची कड फाटायची.

"पाक, बैल बांधताय का खुंट्याला?" रेत्ना टेबलापलीकडून विचारायच्या. "धमनी आहे ती. तिला नुसतं जवळ आणायचं, तिच्याशी भांडायचं नाही."

तिशीतली पोरं हे सगळं हसत-खेळत करायची. त्यांचे हात लोण्यातून सुरी जावी तसे चालायचे. फिदेलिस मान मोडेस्तोवर वाकून उभा राहायचा. उभं राहून राहून त्याच्याच पोटऱ्यांवर शिरांच्या निळ्या दोऱ्या फुगल्या. थिएटरातल्या नर्सनं ते बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पाक, तुम्ही इथे शिकायला आलात की भरती व्हायला?" त्या दिवसापासून तो गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालू लागला. ते रात्री काढायचं त्राणही अंगात नसायचं. कितीदा तर तसाच झोपी जायचा. रविवारी चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की त्याची मान खाली जायची आणि शेजारचा म्हातारा कोपरखळी मारायचा.

"कोंबडीच्या मांड्या आणा," रेत्नांनी सांगितलं. "हाडालगत एक धमनी असते, काडेपेटीतल्या काडीएवढी. ती कापा, जोडा. पुन्हा कापा, पुन्हा जोडा. माणसाचं मग बघू."

तो बू मारफूआच्या, म्हणजे मारफूआबाईंच्या, घरी खोली घेऊन राहत होता. बू मारफूआ विधवा, साठीची, तोंडानं फटकळ. बाकीच्या खोल्यांत जहाजावर नोकरीला जाऊ पाहणारी चार पोरं. रविवारी दुपारी फिदेलिस बाजारातून मांड्या आणायचा, खिडकीशी टेबल ओढायचा, भिंग लावायचा आणि दिवस मावळेपर्यंत शिवत बसायचा. शिवून झालेल्या मांड्या टाकवत नसत. मग तो त्या बू मारफूआला नेऊन द्यायचा.

"पाक डॉक्टर, ही कोंबडी आजारी होती का?" पहिल्यांदा तिनं संशयानं विचारलं.

"नाही हो. बाजारातलीच आहे."

"मग हे टाके कसले?"

"ऑपरेशन केलं."

"मेल्यानंतर?" तिनं मांडी उजेडात धरून बघितली. "मेल्यावर ऑपरेशन करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघते. फी तरी कोण देतं?"

पण रस्सा मात्र तिनं झकास केला. जेवताना एका पोरानं घास थांबवून ओरड केली, "बू, रश्श्यात निळा दोरा आहे!"

"मग बाजूला काढ नि खा. फुकटची कोंबडी आणि वर मिजास! तपासलेली कोंबडी आहे, चांगलीच असणार."

फोनवर हे ऐकून रेजिना आधी हसली. मग म्हणाली, "तिकडे मेलेल्या कोंबड्या शिवताय. इथे डुकरांचं कुंपण मोडलंय, ते कोण शिवणार? काल आख्खी रात्र मी नि क्लारा मका तुडवत त्यांच्यामागे." तिच्या आवाजातला थकवा त्याच्या थकव्याला येऊन भिडला.

पहिलं वर्ष असं सरलं. हात हळूहळू वळायला लागले. गाठी तुटेनाशा झाल्या. दुसऱ्या वर्षी रेत्ना त्याला स्वतःसमोर उभं करून खरी कामं देऊ लागल्या.

आणि मग टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा पाय आला. मांडीपासून खाली रक्त पोचत नव्हतं, अंगठा काळा पडायला लागला होता. त्यांच्याच पायातली एक शीर काढून मांडीतल्या धमनीपासून घोट्यापर्यंत नवी वाट करून द्यायची होती. वरचा जोड रेत्ना करणार, खालचा घोट्याजवळचा फिदेलिस. दोघंही एकाच वेळी, एकाच पायावर वाकलेले.

साखरेनं धमनीची भिंत जुन्या चुन्यासारखी ठिसूळ झाली होती. त्याचा तिसरा टाका ओढला जाताना कड फाटली. त्यानं त्यावर दुसरा टाका घातला. तोही फाटला. आता भोक मोठं झालं. त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळायला लागला. तो आणखी खाली वाकला.

"सगळं ठीक, पाक?" रेत्नांनी वर न बघता विचारलं.

"ठीक."

आणखी एक टाका. आणखी रक्त. समोरचा मदतनीस पोरगा रक्त ओढून घेत होता आणि हळूच फिदेलिसच्या तोंडाकडे बघत होता. फिदेलिस काही बोलेना म्हणून तोही बोलला नाही.

"पाक?"

"ठीक आहे, डॉक्टर."

रेत्ना दोन पावलं सरकून त्याच्याजवळ आल्या आणि वाकून बघितलं.

"चिमटा सोडा."

त्याला ऐकू आलं, पण हात ऐकेना.

"पाक, चिमटा सोडा माझ्याकडे."

शेवटी त्यांनी त्याची बोटं एकेक करून उघडली आणि चिमटा काढून घेतला. "हात धुऊन बाहेर बसा." आवाज चढवलेला नव्हता. पोरं कुठे बघावं न कळून जमिनीकडे बघत राहिली. फिदेलिसनं हातमोजे काढले आणि बाहेर गेला. फाटलेला भाग कापून टाकून रेत्नांनी थोडा वर नवा जोड केला. त्या गृहस्थांचा पाय वाचला. हे त्याला नर्सनं नंतर सांगितलं. त्याची विचारायची हिंमत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रेत्नांच्या खोलीत गेला. बॅग त्यानं भरून ठेवली होती. बू मारफूआला सांगितलं होतं की बहुतेक या आठवड्याच्या बोटीनं जाईन. ती नुसती भांडी जोरात आपटत राहिली होती. रेत्ना कागदात बांधलेला भात आणि तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, हातानं खात होत्या. जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती.

"बसा. जेवलात?"

"मी सांगायला आलोय की…"

"आधी जेवा. उपाशी माणसाचे निर्णय मी ऐकत नाही." त्यांनी अर्धा भात कागदाच्या दुसऱ्या टोकाकडे सारला. त्यानं दोन घास खाल्ले. तिखट नाकात गेलं.

"मी परत जातो, डॉक्टर. हे वय नव्हे. हात बसत नाहीत माझे."

"हातांना काय धाड भरलीय? हात बरे आहेत तुमचे."

"मग काल चिमटा का काढून घेतलात?"

"मी तुम्हाला दोनदा विचारलं. काय म्हणालात?"

तो कागदाची कड दुमडत राहिला.

"काय म्हणालात, पाक?"

"ठीक म्हणालो."

"होतं ठीक?"

त्यानं नाही अशी मान हलवली.

रेत्नांनी भात खाली ठेवला. "तिकडे तुमच्या बेटावर तुम्ही कुणाला विचारणार होतात? भिंतीला? एकट्या माणसाला ही खोड लागतेच. अडलं तरी बोलायचं नाही, पुढे रेटायचं. तिथे रेटण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कळतं मला. पण काल मी हाताच्या अंतरावर होते, पाक. तरी तुम्ही एकटेच होतात."

त्यानं बोटानं भात कागदाच्या कडेला सारला. मग म्हणाला, "मला सवय नाही."

"दिसतंय ते." त्यांनी डोळे चोळले. "हे बघा, मी दमलेय. सकाळपासून उभी आहे, घरी पोराला ताप आहे. तुम्ही गेलात तर तुमच्या जागी दुसरा येईल, शिकेल आणि इथल्या पायऱ्या उतरून थेट समोरच्या खासगी दवाखान्यात शिरेल. आजवर असंच झालंय. मला आता नवा माणूस घडवायचाही कंटाळा आलाय. जायचं असेल तर जा, मी धरून ठेवणार नाही. फक्त हात बसत नाहीत म्हणून गेलो असं सांगू नका कुणाला. ते खोटं आहे."

तो उठला, कागद गुंडाळून टोपलीत टाकला आणि म्हणाला, "उद्या पहिलं काम कुणाचं आहे?"

"त्या सुतारकाम करणाऱ्या बाबांचं. साडेसातला या."

तेव्हापासून त्यांनी त्याला एक नेम घालून दिला. टेबलाशी उभं राहिलं की मोठ्यानं बोलत राहायचं. काय करतोय, काय दिसतंय, आणि मुख्य म्हणजे काय दिसत नाहीये. "आता पुढची कड. टाका घेतला. आता मागची. दिसत नाही. हां, दिसली. नाही, पुन्हा गेली." पोरं मास्कच्या आत खुदखुदायची. "रेडिओ फ्लोरेस सुरू झाला," असं त्याच्यामागे म्हणायची, मग तोंडावरही म्हणायला लागली. 'जमत नाहीये' हे दोन शब्द सुरुवातीला घशात मासळीच्या काट्यासारखे अडायचे. पण म्हटले की समोरून एक हात यायचा, शीर थोडी बाजूला धरायचा, दिव्याचा झोत वळवायचा, आणि जमायचं. इतकं साधं होतं ते. इतकी वर्षं आपण काय करत होतो, असं मनात येऊन त्याला हायसं वाटण्याऐवजी आणखीच दमल्यासारखं व्हायचं.

परीक्षेत तो पास झाला. पहिला नाही आणि शेवटचाही नाही. समारंभाला रेजिना आली, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. बू मारफूआनं दोघांना जेवायला वाढलं.

"तुमच्या नवऱ्याचा हात फार नाजूक बाई," ती म्हणाली. "कोंबडीला कळलंसुद्धा नसेल."

"असेल नाजूक," रेजिना म्हणाली. "घरी कधी सदऱ्याचं बटण लावून नाही बघितलं."

गावी परतल्यावर डुक्कर कापलं, ताडी आली, पाद्रीबाबांनी त्याच्या हातांवर पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. सोमवारी रुग्णालयाच्या दारात ही रांग. आता आमा डॉक्टर कापत नाही, जोडतो, अशी हाकाटी सगळ्या बेटांवर पोचली होती. आणि रांगेत आले ते तेच जुने पाय. काळे, वास मारणारे, पाल्यानं बांधलेले. नवी वाट करून द्यायला पलीकडे जिवंत मांस तर हवं. रक्तवाहिन्यांचे फोटो काढायचं यंत्र रुग्णालयात नव्हतंच; निळा दोरा प्रांताच्या राजधानीतून, कुपांगहून, मागवावा लागायचा आणि तो बोटीत कुठेतरी अडकलेला असायचा. आल्या आठवड्यातच त्यानं दोन पाय कापले.

"दोन वर्षं शिकून आला नि तरी कापतोच," बाजारात बाया म्हणाल्या. बारीक आवाजात म्हणायचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

काही कामं होत होती. मूत्रपिंडं गेलेल्यांच्या मनगटात धमनी आणि शीर जोडून द्यायची, म्हणजे डायलिसिसची सुई टोचता येते. त्यासाठी आधी लोकांना समुद्र ओलांडून जावं लागायचं, आता लागत नव्हतं. पण याची हाकाटी कोण करणार? फिदेलिसच्या मनाला वेगळंच काहीतरी खात होतं. पूर्वी पाय कापताना दुसरं काही करता येत नाही एवढंच ठाऊक असायचं. आता प्रत्येक पायाकडे बघून कळायचं, की हा महिनाभर आधी आला असता तर काय काय करता आलं असतं. शिकून त्याची झोप उडाली, एवढं खरं.

मग सोलोरहून बेर्तो आला. बेर्तो ताडी काढणारा. ताडावरून उतरताना पाय निसटला आणि कमरेचा कोयता मांडीत रुतला. बायकोनं अंगावरची लुंगी फाडून मांडी करकचून आवळली आणि होडीत घातला, म्हणून जिवंत पोचला. पाऊल पांढरंफटक होतं. मांडीतली धमनी तुटली होती आणि मधला तुकडा चेचला होता.

फिदेलिसनं दुसऱ्या पायातून शीर काढली, उलटी केली, कारण शिरेतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेनं जाऊ देतात. वरचा जोड नीट झाला. खालचाही झालासं वाटलं. पण अडवून धरलेलं रक्त सोडताच खालून कुठूनतरी भळभळ यायला लागलं. पुन्हा अडवलं. त्यानं मान वाकडी करून बघितलं, भिंग पुसून घेऊन बघितलं.

"मागून येतंय," तो सवयीनं मोठ्यानं म्हणाला. "मला दिसत नाहीये."

थिएटरातली जुनी नर्स दचकून त्याच्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून असलं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं.

"डॉक्टर बेनेदिक्ता आहेत का शेजारी?"

"आहेत, पण त्या बाळंतपणाच्या डॉक्टर…"

"मोकळ्या असतील तर बोलवा. म्हणावं, फिदेलिसचं अडलंय."

बेनेदिक्ता कुपांगची, तिशीची, वर्षभरापूर्वी नेमणुकीवर आलेली. फिदेलिसनं तिला आजवर येता-जाता मान हलवण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. ती हात धुऊन आली ती गोंधळूनच.

"पाक डॉक्टर, पायातलं मला ओ की ठो कळत नाही."

"कळायला नकोच. डोळे तरुण आहेत ना? हे भिंग लावा नि मागच्या बाजूला बघून सांगा."

ती वाकली. दोन बोटांनी शीर अलगद उचलून धरली, बाळाच्या मानेखाली हात घालावा तशी. "थोडं पाणी मारा. हां. इथे. दोन टाक्यांच्या मधे फट आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. नाही, कणीएवढी."

"तशीच धरा. हलू नका."

"हलत नाहीये. तुम्ही श्वास तरी घ्या."

त्यानं श्वास घेतला आणि टाका घातला. आणखी एक. रक्त सोडलं. दोघंही वाट बघत राहिले. पाऊल पांढरंच होतं. मग टाचेकडून, कुणीतरी आत दिवा लावावा तसा, हळूहळू रंग चढत आला. बेनेदिक्तानं घोट्याशी बोट ठेवलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"लागतोय ठोका!"

"लागू दे," फिदेलिस म्हणाला आणि स्टुलावर बसला.

बेर्तोचा पाय वाचला, पण पुरता नाही. कोयत्यानं मज्जातंतूही कापला होता. पाऊल वर उचललं जात नव्हतं, चालताना घासटायचं. ताडावर पुन्हा चढणं नाही. त्याची बायको रुग्णालयाच्या ओट्यावर बसून फिदेलिसला म्हणाली, "पाय दिलात, देव तुमचं भलं करो. पण त्या पायाला ताड दिसणार नसेल तर आम्ही खायचं काय?" पुढे बेर्तोनं शेळ्या घेतल्याचं कानावर आलं. बरं चाललंय, असंही म्हणतात.

आठवड्याभरानं शेजारच्या थिएटरातून निरोप आला, बेनेदिक्ताचं अडलंय, बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. तो गेला. तिच्यासमोर उभा राहून ती सांगेल ती शीर दाबून धरली. ती बाई जगली. नंतर दोघं ओट्यावर कॉफी पीत बसले असताना तो बोलता बोलता म्हणाला, "हे पाय मला महिनाभर आधी हवे असतात. पण येत नाहीत. दुखेनासे झाल्यावरच येतात."

"ते कसे येतील?" बेनेदिक्ता म्हणाली. "होडीला दिवस मोडतो त्यांचा. मी दर शनिवारी पोटुशा बायका बघायला जाते पलीकडे. माझ्या होडीत जागा असते. झोपलात तरी चालेल, नावाडी बोलका नाही."

त्या शनिवारी तो गेला, पुढच्याही गेला. नाडीचा आवाज ऐकवणारं मुठीएवढं यंत्र खिशात, बाकी हात रिकामे. रेजिना म्हणाली, आता शनिवारही गेला का तुमचा? पण डब्यात तिनं दोघांपुरता भात बांधून दिला.

होडीत बसल्या बसल्या त्याची मान कलंडायची. सोलोरच्या किनाऱ्याला तळ घासला की नावाडी वल्ह्यानं त्याच्या गुडघ्याला टोचायचा. वाळूत नारळींच्या सावलीला बाया-बापे चपला काढून ओळीनं बसलेले असायचे, कुणाच्या बोटाला जखम, कुणाचा तळवा बधिर. बेनेदिक्ता तिच्या बायका घेऊन चर्चच्या ओसरीकडे जायची. फिदेलिस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायचा, जांभई दाबत किनारा चढायचा आणि पहिल्या म्हातारीसमोर वाळूत फतकल मारून बसायचा.

"दाखव गं माय, पाय."

म्हातारी पाय मागे घ्यायची. "कापणार नाही ना?"

"आज नाही," तो म्हणायचा आणि तिची टाच स्वतःच्या मांडीवर घ्यायचा.